‘किंवा’ आणि ‘की’ : क्यूटच्या दुहेरी परवान्याची एक चिकित्सा

संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती होय, असे आपला कायदा मानतो. आपला प्रतिलिप्यधिकार अधिनियम १९५७ चा. १९८४ साली त्यात दुरुस्ती होऊन ‘साहित्यकृती’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत आज्ञावलीचा समावेश झाला, आणि तेव्हापासून काव्य, कादंबरी, कोष्टके व आज्ञावली ही सर्व कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीस बसलेली आहेत. ह्या सहभोजनाचे वाङ्मयाच्या अभ्यासकास हसू आले तर नवल नाही. परंतु एकदा साहित्यकृती म्हटले की तिची संहिता आली, तिचे पाठभेद आले आणि तिच्या अन्वयार्थाचे वादही आले. आज्ञावलीसोबत जो परवाना येतो त्याची संहिता म्हणून छाननी करण्यास ह्याहून वेगळ्या अधिकारपत्राची गरज आहे असे वाटत नाही.

प्रस्तुत लेखासाठी एकच उदाहरण घेतले आहे, ते ‘क्यूट’ ह्या साधनसंचाचे. पडद्यावरील खिडक्या, कळी, याद्या, आलेख इत्यादी दृश्य भाग सी प्लस प्लस भाषेत रचण्यासाठी प्रोग्रामरांना जी तयार सामग्री लागते ती हा संच पुरवितो. हाव्हार्ड नूर्ड व आइरिक शांब-एंग ह्या दोन नॉर्वेजियन तरुणांनी १९९१ मध्ये तो लिहावयास घेतला. १९९४ मध्ये त्यांनी पुढे ट्रोलटेक म्हणून प्रसिद्धी पावलेली कंपनी काढली आणि मे १९९५ मध्ये संचाची पहिली जाहीर आवृत्ती निघाली. नावातील ‘क्यू’ हे अक्षर नूर्ड ह्यांना त्यांच्या संपादकाच्या टंकात देखणे दिसे म्हणून आले, आणि ‘टी’ हे साधनसंचाचे आद्याक्षर. कर्ते ह्या जोडीचा उच्चार ‘क्यूट’ असा करतात. आपले बहुतेक विद्यार्थी ‘क्यूटी’ म्हणतात, व त्यात काही बिघडत नाही.

ह्या संचाच्या चौथ्या व पाचव्या पिढीची मूळ संहिता उतरवून घेऊन ती आपल्या संगणकावर बसविण्यास प्रारंभ केला की काळ्या पडद्यावर एक प्रश्न उमटे. आपणांस क्यूटची कोणती आवृत्ती वापरावयाची आहे? व्यावसायिक आवृत्ती हवी असल्यास ‘सी’ दाबा, मुक्तस्रोत आवृत्ती हवी असल्यास ‘ओ’ दाबा. दोन ओळी, दोन अक्षरे. टंक एकच आणि समासही एकच. विद्यार्थी बहुधा ‘ओ’ दाबतो, कारण ‘सी’पुढे परवान्याचा क्रमांक मागितला जातो आणि तो त्याच्यापाशी नसतो. त्यानंतर परवाना मान्य आहे काय असे विचारले जाते, ‘वाय’ दाबले जाते, आणि पुढील तासभर यंत्र आपले काम करीत राहते. माझे म्हणणे एवढेच की ह्या दोन ओळींत जो प्रश्न विचारल्यासारखा दिसतो तो खरोखर विचारलेलाच नाही. जो विचारावयास हवा होता तो अशा माणसाला आणि अशा वेळी विचारला गेला आहे, की त्याला त्याचे उत्तर ठाऊक असणे शक्य नाही.

येथे मराठीचे साहाय्य होते. शालेय व्याकरणात ‘किंवा’, ‘अथवा’, ‘वा’, ‘की’ ही सर्व विकल्पबोधक उभयान्वयी अव्यये म्हणून एका दमात सांगितली जातात. परंतु ती समानार्थक नाहीत. “चहा किंवा कॉफी घेणार का?” ह्या प्रश्नास “हो” हे उत्तर पुरते. “चहा घेणार की कॉफी?” ह्यास “हो” असे उत्तर देणारा मनुष्य थट्टा तरी करीत असतो किंवा बहिरा तरी असतो. ‘किंवा’ने दोन्ही दारे उघडी राहतात, ‘की’ एक दार लावून घ्यावयास सांगते. इंग्रजीला दोन्ही ठिकाणी एकाच शब्दावर भागवावे लागते, आणि म्हणून दुहेरी परवान्यातील घोटाळा इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांत भरत नाही. मराठी अनुवादकाला मात्र तेथे थांबावेच लागते.

आता क्यूटच्या संहितेतील एखादी फाइल उघडून पाहावी. सहाव्या पिढीपासून प्रत्येक फाइलच्या शिरोभागी परवान्याची एक संक्षिप्त ओळ असते. तिचा आशय असा : क्यूटचा व्यावसायिक परवाना, किंवा एलजीपीएलची तिसरी आवृत्ती, किंवा जीपीएलची दुसरी, किंवा तिसरी. ह्या प्रकारच्या नोंदींचा जो सर्वमान्य संकेत आहे त्यानुसार हा ‘किंवा’ प्रत घेणाऱ्याच्या निवडीवर सोडलेला आहे. ज्या वाटेने जावयाचे असेल त्या वाटेने जावे. म्हणजे फाइल ‘किंवा’ म्हणते आणि ती बसविणारी यंत्रणा ‘की’ म्हणते. संहिता एकच, ग्रंथकार एकच. परंतु मुखपृष्ठावर एक उभयान्वयी आणि प्रवेशद्वारावर दुसरे! पाठचिकित्सेचा ज्यांना सराव आहे त्यांना हा पाठभेद क्षुल्लक वाटणार नाही.

बारकाईने पाहता हे दोन पर्याय एका जातीचेच नाहीत. जीपीएल ही एकतर्फी दिलेली मुभा आहे. तिची तिसरी आवृत्ती स्पष्ट सांगते की आज्ञावलीची प्रत घेण्यासाठी अथवा ती चालविण्यासाठी परवाना मान्य करण्याची आवश्यकता नाही. घरच्या घरी, विभागाच्या खोलीत, स्वतःपुरते तिच्यात हवे ते फेरफार करावेत. बंधने सुरू होतात ती प्रत दुसऱ्याच्या हाती देताना. जीपीएल असेल तर आपण तिच्या आधारे रचलेल्या संपूर्ण कृतीची संहिता त्याच अटींवर घेणाऱ्यास उपलब्ध करावी लागते. एलजीपीएल असेल तर आपली कृती बंद ठेवता येते, मात्र घेणाऱ्यास क्यूटच्या भागात बदल करून तो आपल्या कृतीशी पुन्हा जोडता आला पाहिजे. व्यावसायिक परवाना हा ह्याच्या उलट रोखठोक करार आहे. तो नावानिशी प्रोग्रामरास मिळतो, त्यास मुदत असते, त्याचे शुल्क काम चालू असतानाच भरावे लागते, आणि क्यूट घातलेली उपकरणे विकावयाची असल्यास वितरणाचा मोबदला निराळा. थोडक्यात, एकाचे बंधन शेवटच्या दिवशी जागे होते आणि दुसऱ्याचे पहिल्या दिवशी. एवढे अंतर असलेल्या दोन गोष्टी ‘सी’ आणि ‘ओ’ ह्या दोन अक्षरांनी शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे त्या तुल्य आहेत असा आभास होतो. शिवाय ‘ओ’ दाबल्यानंतर जी संमती घेतली जाते ती तर त्या परवान्यानेच अनावश्यक ठरविलेली आहे.

हे असे का झाले ह्याचे उत्तर इतिहासात सापडते. आरंभीच्या काळात युनिक्स वर्गातील यंत्रांवर मुक्त आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना क्यूट विनाशुल्क मिळे, पण त्यात बदल करून ते पुन्हा वितरित करण्याची मुभा नव्हती. ऑक्टोबर १९९६ मध्ये मथियास एट्रिख ह्यांनी लिनक्ससाठी केडीई हे दृश्य पर्यावरण रचण्याची घोषणा केली आणि त्याचा पाया म्हणून क्यूटची निवड केली. घर मुक्त आणि पाया दुसऱ्याच्या मालकीचा, ही स्थिती अनेकांना खपली नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोम हा प्रतिस्पर्धी प्रकल्प निघाला तो मुख्यतः ह्याच कारणाने, आणि क्यूटची हुबेहूब मुक्त प्रतिकृती करण्याचा ‘हार्मनी’ नावाचा उद्योगही काही काळ चालला. ट्रोलटेक व केडीई ह्यांनी १९९८ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापिले. त्याच्यामागील कराराचा गाभा असा, की कंपनीने क्यूटच्या मुक्त आवृत्त्या काढणे बंद केले आणि बारा महिन्यांत नवी मुक्त आवृत्ती निघाली नाही, तर प्रतिष्ठानाने क्यूट अत्यंत सैल अशा बीएसडी धर्तीच्या परवान्याखाली खुले करावे. पुढे १९९९ मध्ये क्यूपीएल हा कंपनीने स्वतः रचलेला परवाना आला. तोही जीपीएलशी न जुळणारा निघाल्याने सप्टेंबर २००० मध्ये जीपीएल आली, पण विंडोजवर ती वाट २००५ मध्ये, चौथ्या पिढीबरोबर, उघडली. नोकियाने २००८ मध्ये ट्रोलटेक विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी एलजीपीएल देऊ केली. नोकियाचा उद्देश परवाने विकण्याचा नसून आपल्या दूरध्वनींसाठी प्रोग्रामर जमविण्याचा होता, हे येथे ध्यानी घ्यावे. २०११ मध्ये व्यावसायिक परवान्यांचा धंदा आणि २०१२ मध्ये सर्वच क्यूट फिनलंडच्या डिजिया कंपनीकडे गेले. तिच्या पोटातून निघालेल्या क्यूट कंपनीने २०१६ मध्ये एलजीपीएलच्या जुन्या आवृत्तीऐवजी अधिक कडक अशी तिसरी आवृत्ती लागू केली.

म्हणजे ‘ओ’ ह्या अक्षराचा अर्थ १९९५ पासून निदान पाच वेळा बदलला आहे. ज्या आवृत्तीस जो परवाना दिला तो परत घेता येत नाही हे खरे, परंतु तो त्या आवृत्तीपुरताच. २०२० च्या जानेवारीत कंपनीने आणखी दोन गोष्टी जाहीर केल्या. तयार स्वरूपातील मुक्त आवृत्ती इन्स्टॉलरमधून घ्यावयाची तर कंपनीकडे खाते उघडावे लागेल, आणि दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांतील दुरुस्त्या व्यावसायिक ग्राहकांपुरत्या राहतील. त्याप्रमाणे जानेवारी २०२१ मध्ये ५.१५ ह्या आवृत्तीच्या पुढील दुरुस्त्यांचे दार बंद झाले. केडीईने मग आपल्यापुरता दुरुस्त्यांचा एक संग्रह त्याच वर्षी सुरू केला, आणि कंपनीची ५.१५.३ ही आवृत्ती मुक्त परवान्याखाली मार्च २०२२ मध्ये आली. विकल्प देणाऱ्याचा स्वतःचा विकल्प मात्र १९९८ च्या त्या कराराने बांधलेला आहे, ही ह्या सर्व प्रकरणातील सर्वांत उद्बोधक गोष्ट मला वाटते. ‘ओ’ ही ओळ आजही जागेवर आहे, ती केवळ कुणाच्या औदार्याने नव्हे.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. समजा, एखाद्या कारखान्यातील दहा प्रोग्रामरांनी दोन वर्षे ‘ओ’ दाबून काम केले आणि माल बाजारात न्यावयाच्या आदल्या दिवशी एकाच्या नावे ‘सी’ घेतला, तर ज्यांच्या शुल्कावर क्यूटचा बहुतांश विकास चालतो त्यांनी जगावे कसे? म्हणून ट्रोलटेकच्या काळापासून व्यावसायिक करारात असे कलम होते की मुक्त आवृत्तीवर रचलेली संहिता व्यावसायिक परवान्याच्या बंद कृतीत घालता येणार नाही. आजच्या करारातही एकाच कृतीत दोन्ही आवृत्त्यांचे मिश्रण निषिद्ध संयोग मानले आहे. ही भीती काल्पनिक नाही आणि कलमही अन्यायाचे नाही. दोष आहे तो स्थानाचा. ज्या कलमामुळे ‘किंवा’चा ‘की’ होतो ते कलम व्यावसायिक कराराच्या पोटात आहे, म्हणजे ‘ओ’ दाबणारा जो दस्तऐवज कधी उघडणारच नाही त्यात. प्रश्नाच्या दोन ओळींत त्याची सूचनाही नाही. “आज हे अक्षर दाबल्यास उद्या ते दुसरे अक्षर आपणांस हक्काने मिळणार नाही” एवढी तिसरी ओळ तेथे घालण्यास काय हरकत होती?

कारण ही वाट दोन्ही बाजूंनी सारखी नाही. ‘सी’वरून ‘ओ’वर येणे केव्हाही शक्य आहे. मुक्त परवाना सर्वांनाच दिलेला असल्यामुळे त्यातून कुणी वगळला जात नाही. फक्त व्यावसायिक ग्राहकांसाठी राखून ठेवलेले भाग सोडावे लागतात आणि कृती नव्याने मुक्त आवृत्तीशी जोडून घ्यावी लागते. ‘ओ’वरून ‘सी’वर जाणे मात्र कंपनीच्या संमतीवर अवलंबून राहते, व तेथे बोलणी करावी लागतात. यांत्रिक बाजूने पाहिले तर हा बदल हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे. जुन्या पद्धतीत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बिंदूने प्रारंभ होणाऱ्या नावाची एक लहानशी फाइल ठेवली की व्यावसायिक परवाना लागू होई. अशा नावाची फाइल नेहमीच्या यादीत दिसत नाही, त्यामुळे जुन्या मालकाचा परवाना नव्या कामास नकळत लागण्याचाही संभव असे. आजचा इन्स्टॉलर खात्यात प्रवेश करावयास लावतो व त्या खात्यास कोणता परवाना जोडला आहे ते पाहतो. चौथ्या पिढीतील लायब्ररीत तर परवानाधारकाचे नाव कोरले जाई, आणि ‘ओ’ दाबणाऱ्या सर्वांचे नाव एकच असे : ‘ओपन सोर्स’. अनामिकांच्या ह्या कुळात आमच्या विभागातील कितीतरी पिढ्या दाखल झालेल्या आहेत. जुन्या बखरकारांप्रमाणे त्यांनीही आपले नाव मागे ठेवले नाही, इतकेच!

आणि ‘ओ’ हे एकच अक्षर आहे हेही पूर्ण खरे नाही. त्याच्या पोटात एलजीपीएल व जीपीएल अशी दोन घरे आहेत, आणि कोणता भाग कोणत्या घरी राहतो ते इन्स्टॉलरच्या यादीत चौकोनावर खूण करताना कळत नाही. आलेख काढण्याचा ‘चार्ट्स’ हा भाग २०१६ पासून मुक्त वापरासाठी आहे, पण केवळ जीपीएलखाली. त्याच्या फाइलींच्या शिरोभागी एलजीपीएलचा ‘किंवा’ नाही. आता असे समजू की एका संशोधक विद्यार्थ्याने जुन्या कागदपत्रांतील शब्दांची वारंवारता मोजणारी एक आज्ञावली रचली. सर्व अंगे एलजीपीएलमधील, फक्त निष्कर्ष दाखविणारा एक आलेख ‘चार्ट्स’चा. प्रबंधापुरते सर्व ठीक आहे, कारण वितरणच नाही. पुढे एखाद्या प्रकाशनसंस्थेने ती आज्ञावली आपल्या बंद उत्पादनात मागितली, तर त्या एका आलेखामुळे संपूर्ण कृतीस जीपीएलचे नियम लागू होतात. आलेख काढून टाकला किंवा दुसऱ्या साधनाने काढला तर एलजीपीएलची वाट पुन्हा मोकळी होते. व्यावसायिक परवाना घेण्याचे ठरविले तर आजवरचे काम ‘ओ’वर झालेले असल्याने तो हक्काने मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी कुठल्याशा चौकोनावर केलेल्या खुणेला एवढे वजन येईल हे त्या विद्यार्थ्याने कसे ओळखावे?

परिभाषेचाही येथे काही दोष आहे. ‘परवाना’ हा शब्द आपल्या कानांत सरकारी कचेरीच्या आठवणी जागवितो. जो नसेल तर काहीच करता येत नाही, तो परवाना. शासनव्यवहारात ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द आला, पण त्यानेही ती छटा गेली नाही. जीपीएलसारख्या दस्तऐवजास हा शब्द लावला की वाचणारा आपोआप असे समजतो की दारावरच काही मागितले जात आहे. वस्तुतः तेथे दार उघडेच असते; अट असते ती वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना. ‘मुक्त’ ह्या विशेषणाने गोंधळात भर पडते, कारण विद्यार्थी त्याचा अर्थ ‘फुकट’ असा करतात व ‘व्यावसायिक’चा अर्थ ‘पैसे मिळविण्यासाठी’ असा. परिणामी “मी विकणार नाही, म्हणून ‘ओ’” आणि “मला विकावयाचे आहे, म्हणून ‘सी’” असे दोन्हीकडे चुकणारे तर्कट तयार होते. एलजीपीएलखालील क्यूट वापरून रचलेली कृती विकण्यास प्रत्यवाय नाही, जीपीएलखालील कृतीही संहितेसह विकता येते, आणि एक पैही न घेता वाटलेली बंद कृती जीपीएलचा भंग करू शकते. विक्रीचा येथे संबंध जवळजवळ नाहीच.

वास्तविक सगळे दरवाजे हा प्रश्न विचारीत नाहीत. लिनक्सच्या डेबियनसारख्या वितरणातून क्यूट घेतले तर ते मुक्त परवान्याखालीच येते आणि कोणी काही विचारीत नाही. पायथन भाषेत काम करणाऱ्यांची स्थिती ह्याहून मौजेची आहे. तेथे क्यूटपर्यंत जाण्याचे दोन पूल आहेत. पायक्यूट हा रिव्हरबँक कम्प्यूटिंगचा असून तो जीपीएल अथवा व्यावसायिक परवान्याखाली मिळतो. पायसाइड हा एलजीपीएलखाली मिळतो. पायक्यूट एलजीपीएलखाली देण्याबाबत रिव्हरबँकशी समझोता न झाल्यामुळे नोकियाने २००९ मध्ये तो नव्याने रचून घेतला, आणि आज क्यूट कंपनी तो सांभाळते. दोन्हींवर लिहिलेली आज्ञावली पुष्कळशी सारखीच दिसते. आरंभीच्या आयातीच्या ओळी आणि आणखी थोडी नावे बदलली की बहुतेक वेळा एकावरची आज्ञावली दुसऱ्यावर चालू लागते. परंतु पायथनचे ‘पिप’ हे साधन दोन्ही निमूटपणे आणून बसविते. तेथे ‘सी’ नाही, ‘ओ’ही नाही, संमतीचे ‘वाय’ दाबणे नाही. प्रश्नच न विचारल्यामुळे उत्तर दिल्याची आठवणही राहत नाही. ते विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये आयातीच्या ओळीत नोंदलेले असते. प्रबंधासोबत आज्ञावली सादर करणाऱ्यांकडून मी हल्ली प्रथम ती ओळ वाचून घेतो, आणि पायक्यूट की पायसाइड, असे विचारतो.